आधी मग धुवा, मग रांगेत लागा

जर्मनीतल्या म्युनिकच्या हिर्शगार्टन या बिअर गार्डनमध्ये रिकाम्या हातानं रांगेत उभं राहण्यात अर्थ नसतो. मांडणीवरून काचेचा मग स्वतः उचलायचा, शेजारच्या कुंडीत थंड पाण्यानं स्वतः विसळायचा आणि तो ओला मग घेऊन तोटीपाशी जायचं. टेबल स्वतः शोधायचं, खाणं हवं तर घरून आणायचं, बिअर स्वतः वाहून न्यायची. बनवणाऱ्यानं आणि ओतणाऱ्यानं त्यांचं काम चोख केलेलं असतं, पण पुढचं अर्धं काम पिणाऱ्याचं. ते नीट झालं नाही तर उत्तम बिअरही वीस मिनिटांत बिघडते आणि बोल मात्र ब्रुअरीला लागतो.

शहरातल्या बागेत बसून बिअर प्यायची तर बहुतेक पाहुणे इंग्लिश गार्डनमधल्या चिनी मनोऱ्याखाली जातात. तिथे वाजंत्री असते, गर्दी असते, फोटो छान येतात. आमचं मत हिर्शगार्टनला. शहराच्या पश्चिमेला नुम्फेनबुर्ग राजवाड्याजवळची ही बाग. 1780मध्ये इलेक्टर, म्हणजे इथला तेव्हाचा राज्यकर्ता, कार्ल थिओडोरनं शिकारीसाठी राखून ठेवलेलं हे हरणांचं रान. 1791मध्ये इथे शिकारघर उभं राहिलं आणि वनरक्षकाला येणाऱ्या-जाणाऱ्यांना पेय विकायची मुभा मिळाली. आज तिथे सुमारे 8000 माणसं बसू शकतात, आणि कुंपणापलीकडे हरणं अजून चरत असतात. पण आम्हाला तिथे ओढून नेतं ते लाकडी पिंप. त्याबद्दल पुढे.

जायचं कसं? मध्यवर्ती स्टेशनवरून पश्चिमेकडे जाणारी एस-बान, म्हणजे इथली लोकल, घ्यायची, तिसरं स्थानक हिर्शगार्टन. फक्त एस-7 घेऊ नका. ती डोनर्सबर्गरब्र्यूकेपासून दक्षिणेला वळते. स्थानकापासून बागेतून दहा-पंधरा मिनिटं चालायचं. शनिवार-रविवारी शहराच्या मुख्य रेल्वेमार्गावर बऱ्याचदा दुरुस्ती निघते, तेव्हा ट्रामनं रोमानप्लाट्झला उतरून चालत यावं. गाडी आणू नये, कारण उघड आहे.

वेळ निवडण्यात अर्धी बाजी असते. मार्च-एप्रिलमध्ये पहिलं उबदार ऊन पडलं की बाकं बाहेर येतात आणि ऑक्टोबरपर्यंत राहतात, पण सगळं हवामानावर. पाऊस लागला की काउंटर बंद होतात, त्याबद्दल कुणी माफी मागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर पाचजणांना एकत्र जागा मिळणं अवघड. मंगळवारी किंवा बुधवारी चारच्या सुमारास गेलात तर हवं ते झाड निवडता येतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन नव्या अडचणी येतात. एक गांधीलमाशा, दुसरी चेस्टनटची फळं. घोडचेस्टनटचं काटेरी फळ डोक्यावर पडलं तर झिणझिण्या येतात आणि मगात पडलं तर शेजाऱ्याच्या शर्टापर्यंत शिंतोडे जातात. याच दिवसांत पानं तपकिरी, वाळल्यासारखी दिसली तर तो शरद लवकर आला असं नाही. पान पोखरणाऱ्या एका बारीक पतंगाच्या अळ्यांचं ते काम.

ही चेस्टनटची झाडं शोभेसाठी लावलेली नव्हती. म्युनिक ज्या प्रांतात आहे त्या बव्हेरियाच्या 1539च्या नियमानुसार बिअर फक्त 29 सप्टेंबर ते 23 एप्रिल या काळातच बनवता येत असे. उन्हाळ्यात भट्ट्यांमुळे आगी लागत, आणि तळाशी बसणाऱ्या यीस्टला काम करायला थंड हवा लागते. म्हणून मार्चमध्ये जरा कडक बिअर बनवून ती उन्हाळाभर तळघरांत साठवत. तळघरावर खडी पसरायची, वर चेस्टनट लावायचे. पानं मोठी, सावली दाट, मुळं उथळ, त्यामुळे खालच्या कमानींना धोका नाही. लोक तिथेच येऊन पिऊ लागले. शहरातल्या खाणावळवाल्यांचा धंदा बसला आणि त्यांनी तक्रार केली. 4 जानेवारी 1812 रोजी राजा माक्सिमिलियान पहिला योझेफ यानं तोडगा काढला: ब्रुअरींनी जून ते सप्टेंबर तळघरापाशी बिअर विकावी, सोबत पाव द्यावा, बाकी काही खायला देऊ नये. भूक लागणाऱ्यानं घरून आणावं. बंदी केव्हाच गेली, घरून आणायची सवय मात्र टिकली आणि आता तर ती कायद्यात आहे. बव्हेरियाच्या 1999च्या नियमात बिअर गार्डनची ओळख दोन गोष्टींवर ठरते: झाडांच्या सावलीतली बाग हवी, आणि गिऱ्हाइकाला स्वतःचा डबा तिथे पैसे न देता खाता यायला हवा.

आता टेबल. ज्या टेबलावर कापड, काटे-चमचे किंवा छापील मेन्यू मांडलेला आहे, तिथे वेटर येतो आणि तिथे डबा उघडायचा नाही. उघड्या, बिनकापडाच्या लांब बाकड्यांचा भाग आपला. तिथेही एखाद्या टेबलावर पाटी किंवा फलक दिसला तर ते ठरलेल्या मंडळींचं राखीव टेबल असतं, रिकामं दिसलं तरी बसू नये. दहा जणांच्या टेबलावर दोघंच बसले असतील तर पलीकडे बसायचा तुम्हाला हक्क आहे, फक्त विचारायचं: ‘इस्त हिअर नोख फ्राय?’, म्हणजे इथे जागा आहे का? होकारार्थी मान हलली की बसा. आपल्याकडे हॉटेलात अनोळखी माणसाच्या टेबलावर बसणं अवघड वाटतं, इथे न विचारता एकट्यानं अख्खं टेबल अडवणं वाईट दिसतं. रिकाम्या जागेवर पिशवी ठेवून ‘अजून सहाजण येतायत’ असं तासभर सांगत बसणारे मात्र कुणालाच आवडत नाहीत.

टेबल निवडताना आत्ताची सावली बघू नका, पुढच्या दोन तासांची बघा. जूनमध्ये इथे सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो. सहानंतर ऊन तिरपं होतं आणि फांद्यांच्या खालून थेट टेबलावर येतं. म्हणून पश्चिमेला जाड खोड किंवा इमारत असलेली जागा धरायची. हा नखरा नाही. बिअरमधल्या हॉप्सच्या, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, कडू घटकांवर प्रकाश पडला की बिअरमध्येच असलेलं रायबोफ्लेविन, म्हणजे बी-2 जीवनसत्त्व, ती ऊर्जा पकडतं, कडू घटकाचा तुकडा सुटतो आणि गंधकाशी जुळून थायॉल जातीचं एक संयुग तयार होतं. ते इतकं उग्र असतं की नाममात्र प्रमाणातही नाकाला कळतं. उघड्या काचेच्या मगात कडक ऊन पडलं तर हे काही मिनिटांत घडतं. वास शिळ्या हिंगाच्या डबीसारखा येतो. बऱ्याच जणांना वाटतं की बिअर जुनी होती. बिअर ताजीच होती, मग उन्हात होता. जुन्या काळचे राखाडी मातीचे मग या बाबतीत सरस होते. प्रकाश आत जात नसे आणि थंडावा टिकत असे. पण आत किती ओतलंय ते दिसत नसे, म्हणून काच आली.

जागा मिळाली की एकानं टेबल धरून बसायचं आणि बाकीच्यांनी उठायचं. सगळे एकदम उठले तर परत येईपर्यंत टेबल गेलेलं असतं.

मांडणीवर एक लिटरचे मग रचून ठेवलेले असतात. या मापाला ‘मास’ म्हणतात, उच्चार आखूड. रिकामा मग साधारण 1.3 किलोचा, भरला की सव्वादोन किलोच्या पुढे. उचलल्यावर आधी कड बघा. मगावर मग आपटून कडेला टवके उडतात, तसा दिसला तर बाजूला ठेवा. मग कुंडीत आतून-बाहेरून विसळायचा. पुसायचा नाही. रुमालानं तर मुळीच नाही, रुमालाला कपडे धुण्याच्या पावडरीचा अंश असतोच. विसळण्यानं तीन कामं होतात: धूळ आणि साबणाचा राहिलेला अंश जातो, काच थंड होते, आणि ओल्या काचेवरून बिअर घसरत उतरते, त्यामुळे फेस बेफाम चढत नाही. उन्हात तापलेल्या कोरड्या मगात बिअर ओतली तर अर्धा मग फेसच होतो आणि ओतणाऱ्याची नाराजी चेहऱ्यावर दिसते. सगळ्याच बागांत हे काम गिऱ्हाइकाला करावं लागत नाही. चिनी मनोऱ्याखाली भरलेला मगच हातात येतो.

तोट्या दोन प्रकारच्या असतात आणि रांगही वेगळी असू शकते. पाटीवर ‘होल्झफास’ लिहिलेलं असेल ती लाकडी पिंपाची. इथे ऑगस्टिनरची बिअर मिळते. 1328पासूनची ही म्युनिकमधली सर्वांत जुनी ब्रुअरी, तिचा मोठा वाटा एका धर्मादाय न्यासाकडे आहे, आणि ती जाहिरात करत नाही. मोठं लाकडी पिंप 200 लिटरचं असतं, त्याला इथले लोक ‘हिर्श’, म्हणजे हरीणच म्हणतात.

लाकूड म्हटलं की ओकचा, व्हॅनिलाचा स्वाद येईल असं ज्यांना वाटतं त्यांची निराशा होते. पिंपाला आतून राळेचा लेप असतो, बिअर लाकडाला शिवतही नाही. फरक पडतो तो वायूमुळे. स्टीलच्या टाकीतून बिअर कार्बन डायऑक्साइडच्या दाबानं वर ढकलली जाते, त्यामुळे ती बुडबुडेदार आणि जिभेला टोचणारी राहते. लाकडी पिंपात खालच्या बाजूला लाकडी हातोड्यानं पितळी तोटी ठोकतात, वरचं बूच सैल करतात आणि बिअर स्वतःच्या वजनानं खाली येते. दाब नाही, म्हणून ओतताना काही वायू निघून जातो. बिअर मऊ लागते, माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, गोडी पुढे येते, पोट फुगत नाही. लिटरभर पिणाऱ्याला हे शेवटच्या पावलिटरमध्ये पटतं.

हीच पद्धत तिचा दुबळा भागही आहे. वरच्या बुचातून हवा आत येते, आणि हवा म्हणजे ऑक्सिजन. पिंप फोडलं की ते लवकर संपायला हवं. गर्दीच्या संध्याकाळी 200 लिटर म्हणजे 200 मग, ते बघता बघता संपतात, काळजी नको. ढगाळ, तुरळक गर्दीच्या दुपारी मात्र आधी शेजारच्यांच्या मगातला फेस बघून घ्यावा. फेस विरळ, बिअर निपचित दिसली तर स्टीलच्या तोटीची घ्या, त्यात कमीपणा नाही. उलट टोकही आहे. पिंप नुकतंच फोडलं असेल तर पहिले काही मग जोरात आणि फेसाळ येतात, चार-सहाजणांना पुढे जाऊ द्यावं. आर्नुल्फश्ट्रासवरच्या ऑगस्टिनर-केलरमध्ये नवं पिंप फोडलं की घंटा वाजते, त्यामुळे तिथे हा हिशेब सोपा जातो.

फार गर्दीत ओतणारे मग आधीच भरून रांगेनं ठेवतात. त्यातला पुढचा, हाताशी येणारा मग बहुधा सर्वांत आधी भरलेला असतो. फेस ताठ असलेला घ्यावा. मगावर एक लिटरची रेघ असते आणि फेस मापात धरत नाहीत. फेस बसल्यावर बिअर रेघेच्या बरीच खाली दिसली तर तो मग परत नेऊन ‘बिटे नाखशेंकन’ म्हणायचं, म्हणजे वर भरून द्या. यात भीड बाळगायचं कारण नाही. कमी माप ओतण्याविरुद्ध लढणारी एक संघटनाच या शहरात आहे. फक्त अर्धा मग पिऊन झाल्यावर मागू नका.

पैसे बहुतेक बागांत पुढच्या गल्ल्यावर द्यायचे. अलीकडच्या उन्हाळ्यांत एका मासला 10 युरोच्या आगेमागे पडतात. कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं, तरी थोडी रोकड जवळ असावी. काही बागांत मगासाठी अनामत घेतात आणि बिल्ला देतात. परत करताना मग आणि बिल्ला दोन्ही लागतात, त्यामुळे बिल्ला खिशात, टेबलावर नाही.

दुपारी उशिरा किंवा गर्दीच्या दिवशी हेलेस, म्हणजे इथली नेहमीची फिकट सोनेरी बिअर, फक्त एक लिटरच्याच मापात मिळते, असं बऱ्याच बागांत होतं. यात किती अल्कोहोल आहे ते आधी समजून घ्यावं. ऑगस्टिनरची साधी हेलेस 5.2 टक्के, तिचीच जरा कडक बहीण एडेलश्टोफ 5.6. म्हणजे हेलेसच्या एका मगात 52 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. महाराष्ट्रात मिळणाऱ्या 650 मिलिलिटरच्या 8 टक्के ‘स्ट्राँग’ बाटलीतही तितकंच असतं. फरक इतकाच की स्ट्राँग बाटली कडकपणा जिभेला सांगते, हेलेस सांगत नाही. ‘हलकी आहे’ म्हणून दुसरा मास सहज मागवला जातो आणि उठताना बाक वाटतं त्यापेक्षा खोल निघतं. ज्यांना कमी प्यायचंय त्यांच्यासाठी राडलर आहे, अर्धी हेलेस आणि अर्धं लिंबू सोडा, अल्कोहोल जवळजवळ निम्मं. गव्हाची वाइसबिअर अर्ध्या लिटरच्या उंच ग्लासात मिळते. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरींमध्ये केळं-लवंगेच्या वासाची जी गढूळ हेफेवायझन खपते, तिचं मूळ घर बव्हेरिया. त्यामुळे पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला हा ग्लास लगेच ओळखीचा वाटतो. न पिणाऱ्यांसाठी सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं श्कोर्ले असतं, कोला आणि संत्र्याचं श्पेझी असतं. तेही लिटरच्या मगात मिळतं, त्यामुळे टेबलावर कुणी वेगळं पडत नाही.

आता डबा, म्हणजे मराठी माणसाचा खास प्रांत. नियम सोपा: खाणं घरचं चालेल, पेय घरचं चालणार नाही. ताकाची बाटलीसुद्धा पेयच. स्टोव्ह किंवा शेगडी पेटवायची नाही. कापड, ताटल्या, सुरी, कागदी रुमाल आणि कचऱ्याची पिशवी आपली. कापडाला कोपऱ्यांवर चिमटे लावा, नाहीतर वाऱ्यानं उडतं. भडंग आणि चिवडा तेवढ्याचसाठी रुंद ताटलीत नको, उभ्या डब्यातच ठेवावा.

काय न्यावं याचं गणित फेसावर आहे. तेल-तूप फेसाचं वैरी. ओठांना लागलेला तेलाचा थर मगाच्या कडेवर गेला की फेस दोन घोटांत बसतो, आणि फेस गेला की वास आणि थंडावा दोन्ही लवकर जातात. लिपस्टिकनंही हेच होतं. म्हणून तळलेल्यापेक्षा भाजलेलं आणि वाफवलेलं बरं: कमी तेलावर खरपूस केलेलं थालीपीठ, सुरळीच्या वड्या, वाफवलेली पण न तळलेली कोथिंबीर वडी, भाजलेले किंवा मिठात उकडलेले शेंगदाणे. तळलेलं आणायचंच तर घोट घेण्याआधी ओठ पुसायची सवय लावा. ठेचा जपून. मिरचीनं पोळलेल्या जिभेवर बिअरचे बुडबुडे आणखी आग लावतात. पिंपाची मऊ बिअर त्यातल्या त्यात सहन होते. सुके बोंबील आणू नयेत असं सांगितलं जातं, पण पलीकडे काठीला टोचलेला अख्खा बांगडा निखाऱ्यावर भाजत असतो आणि त्याचा धूर चार टेबलं ओलांडून येतो. तेव्हा वासाच्या बाबतीत फार संकोच नको, तरी बाक सामाईक आहे हे लक्षात असावं.

काउंटरवरचं घ्यायचं तर मांसाहाऱ्यांना हेंडल, म्हणजे अर्धी भाजलेली कोंबडी, किंवा तो काठीवरचा मासा. शाकाहाऱ्यांना ओबाट्स्डा घ्यावा: पिकलेलं कॅमेम्बेर चीज, लोणी, कांदा आणि पाप्रिका एकत्र मळलेलं, सोबत मोठी ब्रेत्सन, म्हणजे गाठ मारलेला खारा पाव. राडी म्हणजे आपला पांढरा मुळा, सलग वेटोळ्यात कापून मीठ लावलेला. पाच-दहा मिनिटं थांबलं की पाणी सुटतं आणि तिखटपणा उतरतो, लगेच खाल्ला तर नाकात जातो. घरून मुळा आणि मीठ आणलं तरी हेच करता येतं, स्वस्तात. एक सावधगिरी मात्र हवी. बव्हेरियन बटाट्याचं सॅलड दिसायला निरुपद्रवी, पण त्यात बऱ्याचदा मांसाचा रस्सा घालतात. विचारल्याशिवाय घेऊ नका. ब्रेत्सनमध्येही क्वचित चरबी असते.

मग धरायची एक रीत आहे. फक्त मुठीनं कान पकडला तर दहा मिनिटांत मनगट भरून येतं. चार बोटं कानातून आत घालून तळवा मगाच्या अंगावर टेकवायचा, वजन हातावर वाटलं जातं. उन्हाळ्यात तळव्याच्या उष्णतेनं बिअर थोडी लवकर तापते, पण मग सतत धरून बसायचा नसतोच. ‘प्रोस्ट’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि मगाचा खालचा जाड भाग भिडवायचा. वरच्या कडा आपटल्या की टवका उडतो, मांडणीवरचे तुटक्या कडांचे मग असेच तयार होतात.

हेलेस साधारण 7-8 अंशांवर चांगली लागते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सावलीतही अर्ध्या तासात ती पुष्कळ तापते. फार हळू प्यायली तर शेवटचा भाग कोमट, फार भरभर प्यायली तर 52 मिलिलिटर एकदम. दोघांत एक मास घेतला तर दोन्ही अडचणी टळतात. एकाच मगातून आळीपाळीनं पिणं इथे अगदी सर्रास चालतं. तळाशी उरलेल्या कोमट, निपचित बिअरला इथल्या बोलीत ‘नोआगर्ल’ म्हणतात आणि ते कुणी पीत नाही. तेवढ्यासाठी अट्टहास करू नका.

ऑगस्टपासून मगावर पुठ्ठ्याची चकती ठेवावी, प्रत्येक घोटानंतर. गांधीलमाशी मगात पडते, न बघता घोट घेतला की घशात डंख बसतो, आणि घशाची सूज हा गमतीचा विषय नाही. गोड राडलर आणि सफरचंदाच्या पेयावर त्या जास्त येतात. हात झटकून हाकलल्या तर चवताळतात, शांतपणे चकती ठेवलेली बरी. मुलांचा ग्लास तर झाकलाच पाहिजे.

क्राफ्ट बिअर शोधत आलेला माणूस इथे एकदा तरी विचारतो की आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडू बिअर, कुठे आहे. इथे नाही. त्यासाठी गीझिंगर ब्रॉयकडे जावं. 2006मध्ये एका गराजमधून सुरू झालेली ही ब्रुअरी. पुढे तिनं शहराच्या हद्दीत स्वतःची खोल विहीर खोदली, कारण ‘म्युनिकची बिअर’ हे संरक्षित नाव लावायचं तर शहराच्या जमिनीतलंच पाणी लागतं. ती धडपड कौतुकाची आहे. पण लहान प्रमाणात, हातानं, मन लावून बनवलेली आणि ओतलेली बिअर असा क्राफ्टचा अर्थ घेतला, तर हातोड्यानं तोटी ठोकून दाबाशिवाय ओतलेलं 200 लिटरचं पिंप त्यात अर्धं तरी बसतं. कितीही मोठी ब्रुअरी असली तरी शेवटचे वीस फूट ती हातावरच चालते.

रात्रीचे नियम कडक आहेत आणि त्यामागे भांडणाचा इतिहास आहे. 1995मध्ये शहराच्या दक्षिणेच्या एका प्रसिद्ध बागेला शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून रात्री साडेनऊला बंद करायला लावलं, तेव्हा 12 मे रोजी हजारो लोक म्युनिकच्या रस्त्यावर उतरले. ‘बिअर गार्डन क्रांती’ म्हणून ती ओळखली जाते. सरकारनं घाईनं केलेला पहिला नियम 1999मध्ये न्यायालयानं रद्द केला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आत्ताचा आला: दहाला वाद्य बंद, साडेदहाला शेवटचं पेय, अकराला सगळं आवरलेलं. त्यामुळे शेवटचा मास सव्वादहाला घेऊन निवांत बसू असं ठरवू नका. दहाच्या आतच घ्या.

उठताना मग आणि ताटल्या परत देण्याच्या जागी स्वतः न्यायच्या, आपला कचरा पिशवीत, बाक पुसलेलं. काचेचा मग पिशवीत घालून घरी नेणं ही चोरीच, आठवण म्हणून हवा असेल तर दुकानात मिळतो. एस-बानमध्ये दारू प्यायला बंदी आहे, उरलेली बाटली उघडून बसू नका. गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 0.5 प्रति हजार आहे, 70 किलोच्या माणसाला एक मास त्याच्या वर नेऊ शकतो. परवाना नवा असेल तर पहिली दोन वर्षं शून्य, आणि 21 वर्षांखालच्यांनाही शून्यच. सायकलवाल्यांना वाटतं की ते सुटले. तसं नाही. सायकलवर 1.6ला गुन्हा होतोच, आणि तोल जाताना किंवा अपघात करताना सापडलात तर 0.3लाही होऊ शकतो. बागेतून स्थानकाकडे जाणारी वाट रात्री अंधारी असते, फोनची बॅटरी शिल्लक ठेवा.